आकड्याआधी चाल पाहावी : प्रस्तावना

सिम घालून चालणारा राउटर मंद पडला की उपायांची ठरलेली मालिका सुरू होते. आधी राउटर बंद करून पुन्हा चालू करतात. मग सिम काढून, पुसून परत घालतात. मग कंपनी बदलतात. कोणीतरी सांगते म्हणून उंच अँटेना आणतात, आणि तरीही फरक पडला नाही की ‘आमच्याकडे टॉवरच लांब आहे’ असे म्हणून विषय मिटवतात. यातला प्रत्येक उपाय कधी ना कधी लागू पडतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. तो का लागू पडला हे कळलेले नसते, त्यामुळे पुढच्या वेळी तोच उपाय भलत्याच दुखण्यावर वापरला जातो, पैसे जातात आणि वेग तसाच राहतो.

ही पुस्तिका अशा लोकांसाठी आहे ज्यांच्या घरी किंवा कामाच्या जागी फायबर पोहोचलेले नाही, आणि ज्यांनी लिनक्सवर चालणारा राउटर, बहुधा ओपनडब्ल्यूआरटी घातलेला, मोबाइल नेटवर्कला जोडून आपली सोय आपण केली आहे. घाटमाथ्यावरची वाडी, आडबाजूची शाळा, गावाबाहेरचा वजनकाटा, बागेत बांधलेला होम-स्टे अशा ठिकाणी सिमवरचे इंटरनेट हीच एकमेव वाट असते. सातबाऱ्याचा उतारा, मुलांची ऑनलाइन परीक्षा, दूरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणे, सगळे त्याच वाटेने जाते. तिथे वेग मंदावला तर काम खोळंबते. म्हणून या विषयाकडे हौशी लोकांचा छंद म्हणून न पाहता घरातल्या वीज-पाण्याच्या दुरुस्तीइतक्याच गांभीर्याने पाहावे, असे मला मनापासून वाटते.

लिनक्सचा राउटरच का, हे थोडक्यात सांगतो. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी ५४ जी या राउटरमध्ये लिनक्स वापरलेले होते. जीपीएल परवान्याच्या अटीनुसार २००३ मध्ये कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला, आणि २००४ मध्ये त्यावरून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. तयार राउटरच्या डब्यावर चार-पाच काड्या आणि एक हिरवा दिवा दिसतो, त्यापलीकडे फारसे काही कळत नाही. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये मात्र मोडेम कोणत्या बँडवर आहे, सिग्नल किती आणि त्यात गोंगाट किती, कोणता ड्रायव्हर लागला आहे, प्रोसेसर कशात गुंतला आहे, हे सगळे विचारता येते आणि उत्तर मिळते. वेग वाढवणारी कोणतीही जादू त्यात नाही. पण वेग कुठे अडतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते, आणि दुरुस्तीची सुरुवात तिथूनच होते.

टॉवरपासून तुमच्या लॅपटॉपपर्यंत डेटा अनेक टप्प्यांतून येतो. टॉवरमागची जोडणी, टॉवर, मधली हवा, अँटेना, तिची केबल, मोडेम, मोडेमला राउटरशी जोडणारी यूएसबी, राउटरचा प्रोसेसर, मग लॅन किंवा वायफाय. या सगळ्यांतला सर्वांत अरुंद टप्पा जेवढे जाऊ देईल तेवढाच वेग शेवटी मिळतो. शेवटच्या वाफ्यात पाणी कमी येऊ लागले तर जाणता शेतकरी लगेच मोटार बदलायला निघत नाही. तो पाटाच्या कडेकडेने चालत जातो आणि पाट कुठे फुटला, कुठे तुंबला ते पाहतो. राउटरच्या बाबतीतही तसेच चालत जायचे आहे. फक्त कोणत्या बाजूने चालायला लागावे, हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याची एक खूण आहे. या पुस्तिकेत तीच खूण पुन्हा पुन्हा येईल.

ती खूण म्हणजे वेगाची चाल. बहुतेक जण वेगचाचणी एकदा करतात, आलेला आकडा पाहतात आणि हळहळतात. एकट्या आकड्यातून फारसे निष्पन्न होत नाही. चाचणी पुनःपुन्हा करावी, सकाळी, दुपारी, रात्री, आणि आकडे एकाखाली एक लिहावेत. मग तीनपैकी एक चाल दिसू लागते.

पहिली सपाट. वेग एका ठरावीक आकड्याशी येऊन थांबतो आणि पहाटे असो वा रात्री, त्याच्या वर जात नाही. हवा कधी इतकी एकसारखी वागत नाही. सपाट मर्यादा नेहमी माणसाने घातलेली असते, यंत्रात, तारेत किंवा योजनेत. आणि आकड्यावरून पुष्कळदा जागाही ओळखता येते. वेग कायम ९४ एमबीपीएसच्या आसपास अडकत असेल तर मधले एखादे इथरनेट पोर्ट किंवा केबल १०० एमबीपीएसवर चालते आहे. स्वस्त फोरजी राउटरांची पोर्ट तशीच असतात. नऊ-दहाच्या वर कधीच जात नसेल तर यूएसबीची जोडणी ४८० ऐवजी १२ एमबीपीएसच्या जुन्या वेगावर उतरलेली असण्याची दाट शक्यता असते. खराब एक्स्टेन्शन केबल किंवा सैल कनेक्टर एवढ्याने हे घडते, आणि यूएसबीची उपकरणे झाडासारखी मांडून दाखवणारी एकच आज्ञा ते उघड करते. वेग ६४ केबीपीएस असेल तर राउटर उघडायचेसुद्धा कारण नाही. रोजच्या दीड-दोन जीबीचा कोटा संपल्यावर अनेक प्रीपेड योजनांत वेग तिथेच आणून ठेवतात, आणि मध्यरात्रीनंतर तो आपोआप पूर्ववत होतो.

दुसरी चाल डोलणारी. पहाटे ४५, दुपारी २२, रात्री नऊला ३, पुन्हा पहाटे ४०. इथे कारण हवेत किंवा टॉवरवरच्या गर्दीत असते. या चालीवर राउटरमधली सेटिंगे बदलत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय.

तिसरी चाल उतरणारी. चालू केल्यावर पहिली दहा मिनिटे वेग उत्तम, मग हळूहळू खाली. इथे पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. क्वेक्टेल ईसी २५ सारख्या मोडेमसाठी सामान्य कामाचे कमाल तापमान ७५ अंश सेल्सिअस दिलेले आहे. विदर्भातल्या मे महिन्यात, पत्र्यावर ठेवलेल्या बंद प्लास्टिकच्या डब्यात, चालू मोडेमला ते गाठायला वेळ लागत नाही. तापलेला मोडेम स्वतःला वाचवण्यासाठी काम कमी करतो. दुसरा संशय विजेच्या पुरवठ्यावर. यूएसबी २.० चे पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देते, आणि टॉवर लांब असेल तर मोडेमला पाठवण्याची ताकद वाढवावी लागते, तेव्हा क्षणाक्षणाला त्याची मागणी त्यापलीकडे जाते. मग मोडेम मध्येच गायब होऊन पुन्हा उगवतो, आणि त्याची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये स्पष्ट सापडते.

ही ओळख एकदा पटली की तपास निम्म्याहून सोपा होतो. मात्र त्यासाठी एक पथ्य पाळावे लागते: चाचणी वायफायवरून करू नये. लॅपटॉप लॅनच्या केबलने जोडावा, आधी आयपर्फ ३ ने लॅपटॉप ते राउटर एवढाच टप्पा मोजून बाजूला काढावा, आणि मगच बाहेरचा वेग मोजावा. भिंतीपलीकडच्या वायफायचा दोष मोडेमच्या माथी मारला जाणे फार सर्रास घडते.

आता हवेकडे येतो. पुस्तिकेचा सर्वांत मोठा भाग तिच्यासाठी आहे आणि प्रस्तावनेतही मी इथेच रेंगाळणार आहे.

काड्यांवर विश्वास ठेवू नये. जुन्या पद्धतीच्या काड्या ज्या आरएसएसआय या मापावरून काढतात, त्यात मोडेमला त्या पट्ट्यात ऐकू येणारी सगळी ताकद मोजलेली असते. तुमच्या टॉवरचा सिग्नल, शेजारच्या टॉवरचा सिग्नल, गोंगाट, सगळे एकत्र. त्यामुळे टॉवरवर गर्दी असताना काड्या भरलेल्या दिसू शकतात आणि वेग मात्र नसतो. आपल्याला वेगवेगळी मापे हवीत. आरएसआरपी हे तुमच्या टॉवरच्या सिग्नलचे माप. ते उणे डीबीएममध्ये येते. उणे ८० म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे काम चालेल, उणे ११५ च्या पुढे धडपड. हे प्रमाण लॉगरिदमिक आहे हे विसरू नये: १० डेसिबल कमी म्हणजे ताकद एक दशांश. दुसरे माप एसआयएनआर, म्हणजे तुमचा सिग्नल गोंगाटाच्या आणि इतरांच्या सिग्नलच्या किती वर आहे. वेग ठरवण्यात या दुसऱ्या मापाचा वाटा मोठा. एसआयएनआर २० च्या वर असेल तर टॉवर दाट मॉड्युलेशन वापरतो, एका चिन्हात सहा किंवा आठ बिट भरतो. शून्याच्या जवळ असेल तर दोनच बिट. म्हणजे तेवढाच पट्टा, तेवढाच वेळ, आणि डेटा तिपटीने-चौपटीने कमी.

यावरून एक गोष्ट निघते जी ऐकायला उलटी वाटते: ज्या दिशेला अँटेना फिरवल्यावर आरएसआरपी सर्वांत चांगला येतो, ती दिशा दर वेळी योग्य नसते. दोन टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत असतील तर अँटेना थोडी बाजूला वळवून दुसऱ्या टॉवरला पाठ दाखवली की आरएसआरपी दोन-तीन डेसिबलने घटतो, एसआयएनआर आठ-दहाने वाढतो, आणि वेग वाढतो. म्हणून अँटेना लावताना एकजण छपरावर आणि दुसरा खाली आकडे वाचत, असेच काम करावे लागते. फक्त टॉवर दिसतो म्हणून तिकडे तोंड करून बोल्ट आवळू नये.

नंतर बँड. भारतात फोरजी कितीतरी पट्ट्यांवर चालते: ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५, ९०० चा बँड ८, १८०० चा बँड ३, २१०० चा बँड १, २३०० चा बँड ४० आणि २५०० चा बँड ४१. खालच्या फ्रिक्वेन्सी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात. म्हणून गावाबाहेरच्या घरात मोडेमला बँड ५ किंवा ८ चा सिग्नल सर्वांत जोरात ऐकू येतो आणि तो तिथे चिकटतो. पण ते पट्टे अरुंद आहेत. पाच मेगाहर्ट्झ रुंदीच्या एलटीई चॅनेलवर दोन अँटेना आणि ६४ क्यूएएम, म्हणजे एका चिन्हात सहा बिटांचे मॉड्युलेशन, धरूनही जास्तीत जास्त सुमारे ३७ एमबीपीएस निघतात, आणि तेही त्या सेक्टरमधल्या सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचे. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर तीच कमाल मर्यादा १५० आहे. बँड ४० टीडीडी पद्धतीचा, म्हणजे एकच चॅनेल येण्या-जाण्यासाठी वेळ वाटून वापरतो, म्हणून तिथे ती थोडी कमी, ईसी २५ साठी १३०. तेव्हा ८५० वर चार काड्या असताना ४ एमबीपीएस आणि २३०० वर दोन काड्या असताना ३० एमबीपीएस, असे चित्र आपल्याकडे ठिकठिकाणी दिसते. मोडेमला ठरावीक बँडवर बांधून ठेवण्याची सोय असते, ती वापरून प्रत्येक बँड वेगळा मोजून पाहावा. मात्र मोजणीनंतर एकाच बँडवर कायमचे कुलूप घालताना विचार करावा. ज्या दिवशी त्या टॉवरचा तो सेक्टर बंद पडेल, त्या दिवशी राउटर शेजारचा दुसरा बँड चालू असूनही मुका बसेल. दोन बँड मोकळे ठेवणे बरे.

मोडेमला ते बँड मुळात कळतात का, हेही पाहावे लागते. एकाच नावाच्या मोडेमची वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळी रूपे असतात. ईसी २५ चे ई हे रूप बँड १, ३, ५, ७, ८, २० आणि ३८, ४०, ४१ ऐकते. आपल्याकडे ते चालते. त्याचेच ए हे रूप अमेरिकेसाठी आहे, बँड २, ४ आणि १२ साठी, आणि इथल्या फोरजीचा एकही बँड त्याला ऐकू येत नाही. परदेशातून नातेवाइकांनी आणलेला किंवा जुन्या बाजारात स्वस्त मिळालेला राउटर घेण्याआधी लेबलवरचे ते शेवटचे अक्षर वाचावे.

‘त्याच जागी फोनवर ८० येतात आणि राउटरवर २५,’ ही तक्रार तर हमखास येते. बहुतेक वेळा राउटर निर्दोष असतो. ईसी २५ हा चौथ्या कॅटेगरीचा मोडेम आहे, तो एका वेळी एकाच चॅनेलवर बोलतो. सहाव्या कॅटेगरीचा ईपी ०६ दोन चॅनेल एकत्र करतो आणि ३०० पर्यंत जाऊ शकतो. आजचे मध्यम किमतीचे फोन तीन-चार चॅनेल जोडतात. शिवाय कोणतेही दोन बँड जोडता येत नाहीत. मोडेमच्या माहितीपत्रकात ज्या जोड्या दिल्या आहेत तेवढ्याच. तेव्हा फोनशी तुलना करावी, पण फोन कोणत्या बँडवर आहे आणि किती चॅनेल जोडून बसला आहे हे पाहून करावी.

अँटेनाच्या प्रकरणात तीन गोष्टींवर मी जास्त जागा खर्च केली आहे, कारण त्या साध्या आहेत आणि तरी नजरेतून सुटतात. एक, राउटरवरचे कनेक्टर. फोरजीसाठी एसएमए आणि वायफायसाठी उलटा, म्हणजे आरपी-एसएमए, असे दोन प्रकार प्रचलित आहेत. दोघांचे आटे एकमेकांत व्यवस्थित बसतात. पण वायफायची अँटेना फोरजीच्या सॉकेटला लावली तर दोन्हीकडे मध्ये भोकच येते, सुई कुठेच नसते, आणि धातूला धातू लागत नाही. बाहेरून सगळे घट्ट दिसते. दोन, मोडेमच्या कार्डावर नखाहून लहान अशी दोन-तीन सॉकेटे असतात: मुख्य, दुसरी म्हणजे डायव्हर्सिटी, आणि एक जीपीएससाठी. दुसऱ्या अँटेनाची तार चुकून जीपीएसच्या सॉकेटला लागलेली असेल तर मोडेम एका कानाने ऐकतो आणि चांगल्या सिग्नलमध्ये वेग जवळजवळ निम्मा होतो. प्रत्येक अँटेनाचा आरएसआरपी वेगळा दाखवणारी आज्ञा क्वेक्टेलच्या मोडेममध्ये आहे. दोन आकड्यांत वीस डेसिबलची तफावत दिसली की स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यावा.

तिसरी गोष्ट केबल. पंधरा मीटर उंच खांबावर अँटेना आणि खाली घरात राउटर, मध्ये पातळ आरजी ५८ केबल, ही मांडणी फार ठिकाणी दिसते. दोन गिगाहर्ट्झच्या आसपास ती केबल मीटरमागे पाऊण डेसिबलच्या घरात सिग्नल खाते. पंधरा मीटरला दहा-अकरा डेसिबल गेले, म्हणजे उंचीमुळे आणि अँटेनामुळे मिळालेले सगळे परत गेले. जाड एलएमआर ४०० मध्ये हे नुकसान सुमारे एक चतुर्थांश होते, पण तिची किंमत आणि ताठरपणा दोन्ही जास्त. याहून शहाणपणाचा मार्ग म्हणजे राउटरच अँटेनाजवळ, सावलीतल्या हवेशीर डब्यात नेऊन ठेवणे आणि खाली इथरनेट केबल सोडणे. तिच्यातूनच वीजही वर पाठवता येते, आणि शंभर मीटरपर्यंत वेग तसूभर कमी होत नाही.

कोकणात पावसाळा आला की नेट मंदावते हे खरे आहे, पण दोष पडणाऱ्या पावसाचा नसतो. तीन गिगाहर्ट्झच्या खालच्या फ्रिक्वेन्सी पावसाच्या थेंबांना फारशा अडत नाहीत. त्यांना अडवतात ती ओली, दाटलेली पाने, आणि त्यांना मारते ते कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी. मे महिन्यात कलमांच्या फांद्यांमधून मिळालेली दिशा जुलैत तशीच राहील असे धरू नये, आणि बाहेरचा प्रत्येक सांधा स्वतः चिकटून बसणाऱ्या रबरी पट्टीने गुंडाळल्याशिवाय मृगाची वाट पाहू नये.

मोडेममधून डेटा राउटरच्या प्रोसेसरकडे कसा येतो, हा लिनक्सचा खास प्रांत. इथे जुन्या सवयी वेग खातात. मोडेमच्या आज्ञा आजही ‘एटी’ या अक्षरांनी सुरू होतात. डेनिस हेस यांच्या कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून चालत आलेली ही परंपरा फाइव्हजी मोडेमनेही सोडलेली नाही. तिने कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते डेटासुद्धा त्याच सिरियल वाटेने, पीपीपी पद्धतीने डायल करून आणल्यामुळे. ती पद्धत टेलिफोनच्या तारेसाठी घडलेली आहे. प्रत्येक बाइट तपासत, सांकेतिक चिन्हे घालत-काढत पुढे सरकते. लहान प्रोसेसर त्यातच दमतो आणि वेग २०-३० एमबीपीएसवर सपाट होतो. क्यूएमआय किंवा एमबीआयएम या पद्धतींत मोडेम सरळ नेटवर्क कार्डासारखा दिसतो. क्यूएमआयचा ड्रायव्हर २०१२ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये आला. नॉर्वेच्या ब्यॉर्न मोर्क यांचे ते काम आहे, आणि मोडेम हाताळणाऱ्या मोडेममॅनेजर या प्रोग्रामच्या पाठीशी अलेक्झांडर मॉर्गाडो यांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. कोणाच्या नजरेस न येणाऱ्या या कामावर जगभरातले असंख्य राउटर उभे आहेत, म्हणून नावे मुद्दाम लिहितो.

प्रोसेसरची ताकदही मोजावी. ८८० मेगाहर्ट्झचा एमटी ७६२१ आणि ४०० मेगाहर्ट्झचा जुना एआर ९३३१ यांच्याकडून एकसारखी अपेक्षा धरता येत नाही. डाउनलोड चालू असताना ‘टॉप’ ही आज्ञा उघडी ठेवावी. सॉफ्ट इंटरप्टचा आकडा एका कोअरचा सगळा वेळ खाताना दिसला तर अरुंद टप्पा सापडला. सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोड आणि पॅकेट स्टीअरिंग यांनी तिथे फरक पडतो. हार्डवेअर ऑफलोड यूएसबीवरच्या मोडेमला उपयोगी नाही. आणि यूएसबी ३.० वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: तिच्या तारेतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले आहे. बँड ४० आणि ४१ त्या फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना आहेत. अँटेनाची तार आणि यूएसबी ३.० ची तार एकत्र बांधू नये.

काही साइट चटकन उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, असे होत असेल तर वेगाच्या मागे न लागता एमटीयू, आयपीव्ही ६ आणि डीएनएस पाहावेत. त्यासाठी छोटे स्वतंत्र प्रकरण आहे.

वेगचाचणीत ३० दिसतात आणि तरी व्हिडिओ कॉल तुटतो, या तक्रारीला मात्र मोठी जागा दिली आहे. घरातल्या कोणाच्या फोनने फोटो वर चढवायला घेतले की मोडेममधल्या आणि टॉवरवरच्या रांगा तुंबतात. पन्नास मिलिसेकंदांची पिंग दीड-दोन सेकंदांवर जाते. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी या दुखण्याकडे जगाचे लक्ष वेधले, आणि डेव्ह टाट यांनी उपाय राउटरांपर्यंत पोहोचवण्यासाठी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली; २०२५ च्या एप्रिलमध्ये ते गेले. एफक्यू-कोडेल आणि २०१८ मध्ये कर्नलमध्ये आलेला केक हे त्या चळवळीचे फळ. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ते एसक्यूएम या नावाने बसवता येतात. अडचण एवढीच की केकला वाहिनीचा वेग आधी सांगावा लागतो, आणि सिमवरचा वेग घटकाघटकाला बदलतो. फार कमी सांगितला तर वेग वाया, जास्त सांगितला तर रांग जैसे थे. यासाठी पिंग पाहत पाहत ती मर्यादा आपोआप खालीवर करणारी केक-ऑटोरेट नावाची स्क्रिप्ट आहे. ती नीट बसवल्यावर एकूण वेगातले पाच-सात एमबीपीएस कमी होतात आणि बोलणे तुटायचे थांबते. माझ्या मते, लांबच्या डॉक्टरांशी किंवा परगावच्या मुलांशी बोलणाऱ्या घरात हा सौदा डोळे मिटून करावा.

दोन मार्ग या पुस्तिकेत हेतुपुरस्सर नाहीत. बाजारात आणि ऑनलाइन मिळणारे परवान्याविना ‘सिग्नल बूस्टर’ भारतात बेकायदा आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी ते शेजाऱ्यांचे नुकसान करतात: असा बूस्टर मोडेमच्या आवाजासोबत गोंगाटही मोठा करून टॉवरकडे फेकतो, टॉवरचा ऐकण्याचा भाग बधिर होतो आणि आसपासच्या सगळ्यांचे नेट व कॉल बिघडतात. गावातले नेट अचानक खराब होण्यामागे असा एक डबा असू शकतो. दुसरा मार्ग मोडेमचा आयएमईआय बदलण्याचा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अशा फेरफारासाठी तीन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. योजनेच्या अटी पटत नसतील तर योजना बदलावी.

टॉवरवरच्या गर्दीला घरात बसून उपाय नाही, पण तिचा पुरावा मात्र घरात बसून तयार करता येतो. आरएसआरपी आणि एसआयएनआर दिवसभर स्थिर, आणि वेग फक्त रात्री आठ ते अकरा कोसळलेला, अशी आठवडाभराची नोंद तारीख-वेळ आणि सेल क्रमांकासह तक्रारीला जोडली तर ‘राउटर रीस्टार्ट करून पाहा’ या उत्तरापुढे बोलणे जाते. ती नोंद राउटरनेच आपोआप ठेवावी यासाठीची छोटी स्क्रिप्ट शेवटच्या प्रकरणात दिली आहे.

पुढची पाने वाचायला लिनक्सचे सखोल ज्ञान लागत नाही. राउटरमध्ये एसएसएचने शिरता आले आणि आज्ञा जशीच्या तशी टाइप करता आली की पुरे. पहिले प्रकरण उघडण्याआधी लॅनची एक चांगली केबल, मोडेमच्या लेबलचा फोटो, सिमच्या योजनेचा तपशील आणि एक वही जवळ ठेवा. वहीत चार रकाने आखा: वेळ, बँड, एसआयएनआर, वेग. पहिले दोन दिवस राउटरमधले काहीही बदलू नका, फक्त ते रकाने भरा. नंतर दर वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. चाल सपाट दिसली तर चौथ्या प्रकरणापासून वाचायला लागा, डोलणारी दिसली तर दुसऱ्यापासून, आणि उतरणारी दिसली तर आधी डब्याचे झाकण काढून मोडेमला हात लावून पाहा.